चौथा सिंह

पेन्शनीसाठी येसूबाईंचा हयातीचा दाखला हवा होता, आणि तहसीलदार घोरपडे हेका सोडत नव्हते. "बाई समोर दिसली, तरच सही."

"अंथरुणाला खिळलीय साहेब, पण आहे हो ती," येसूबाईंचे यजमान धोंडीबा काकुळतीनं म्हणाले.

"मला दिसत नाही, म्हणजे नाही."

धोंडीबांनी साहेबांच्या मागं भिंतीवरच्या राजमुद्रेकडे पाहिलं. "साहेब, त्या मुद्रेत सिंह किती?"

"चार."

"मला तर तीनच दिसतात."

"चौथा मागं असतो, त्यांच्या पाठीला पाठ लावून."

"आमचीही तशीच आहे साहेब. तिच्या पाठीला टेकूनच आजवर उभा राहिलो."

 साहेब शिक्का खिशात टाकून उठले. "चला, घर दाखवा."

येसूबाईंनी पडल्या पडल्या पदर सावरला, आणि साहेबांना चहा पाजल्याशिवाय अंगठा काही दिला नाही.