खानावळीतला समुद्र

देशावरच्या एका गावात दामूअण्णा साळुंखे नावाचे एक खानावळवाले राहत होते. गाव कोरडे ठाक. समुद्र तिथल्या बहुतेकांनी फक्त कॅलेंडरावरच पाहिलेला. पण दामूअण्णांच्या खानावळीत, हात धुवायच्या जागेशेजारी, काचेची एक मोठी टाकी होती आणि तिच्यात खराखुरा समुद्र नांदत होता. खारे पाणी, काळे खडक, खडकांवरून सरकणाऱ्या गोगलगायी, पांढऱ्या पट्ट्यांच्या केशरी माशांची एक जोडी. आणि सगळ्यात वरच्या खडकावर जिवंत प्रवाळ. प्रवाळ दिसतो झाडासारखा, पण असतो प्राणी. बरे वाटत असले की तो आपली इवली बोटे बाहेर काढून पाण्यात झुलतो, आणि त्रास झाला की अंग आवळून गप्प बसतो.

ही टाकी दामूअण्णांच्या लेकीची, रेवतीची. ती समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करायची. तिच्या संस्थेने तिला प्रवाळाचा नखाएवढा तुकडा दिला होता. तो तिने लहान मुलासारखा सांभाळून तळहाताएवढा केला होता. मग तिला समुद्रावरच्या एका बोटीवर काम मिळाले. जाताना ती म्हणाली, "आप्पा, दिवसातून एकदाच खाणं घाला. चिमटीत मावेल तेवढंच. मासे काचेशी येऊन मागतील, पण ते कायमच मागतात. जास्त नको."

"बरं बरं," दामूअण्णा म्हणाले.

आता इथे दामूअण्णांचा स्वभाव सांगायला हवा. पंचक्रोशीत त्यांचे नाव होते ते वाढण्यासाठी. त्यांच्या खानावळीत जेवणाऱ्याने ताटावर हात आडवा धरला, तर ते त्याच्या बोटांच्या फटीतून भाकरीचा चतकोर खाली सरकवत. कोणी "पुरे" म्हटले की त्यांना दुप्पट चेव येई. "पुरे" हे पाहुण्याने रीत म्हणून म्हणायचे आणि यजमानाने रीत म्हणून ऐकायचे नाही, असा त्यांचा जन्माचा हिशेब. लेकीचे "जास्त नको" त्यांनी त्याच हिशेबात टाकले. पोर भिडस्त आहे, तिने तसेच म्हणायचे, आपण आपले वाढायचे!

झाले. सकाळी खाणे, दुपारी खाणे, दिवेलागणीला खाणे. मासे काचेशी आले की दामूअण्णांचा जीव कळवळे. एवढ्यावरही भागेना. खानावळीत येणाऱ्या प्रत्येकाला वाटे, आपणही मुक्या जिवाला दोन कण घालावेत. दामूअण्णा कौतुकाने डबा पुढे करत. बघता बघता ती रीतच पडली. लोक हात धुवायचे, माशांना चिमूटभर घालायचे आणि मग ताटावर बसायचे. पुण्यही लागे, भूकही लागे.

दोन मासे खाऊन खाऊन किती खाणार? उरलेले खडकांच्या सांदीत बसू लागले आणि कुजू लागले.

मग एके सकाळी खडकावर हिरवी लव दिसली. दामूअण्णा खूश झाले. म्हणाले, "बघा, हिरवळ आली!" दुष्काळी गावच्या माणसाला हिरवे दिसले की आनंदच होतो, त्यांचा तरी काय दोष. पण ती लव थांबेना. तिचे केस झाले, केसांच्या बटा झाल्या, बटांच्या जटा झाल्या. काच हिरवी, खडक हिरवे, गोगलगायींची पाठदेखील हिरवी. आणि एक दिवस ते शेवाळ प्रवाळाच्या खडकावर चढले. प्रवाळाने बोटे आत ओढून घेतली आणि तो मिटला तो मिटलाच. त्याची एक कड पांढरी पडली.

रेवतीला विचारावे तर बोटीवर फोन लागत नव्हता. ती परत येईल तेव्हा तिच्या हातात काय द्यायचे? मेलेला दगड? पोरीने इतक्या मायेने वाढवलेला जीव आपल्या राखणीत गुदमरतो आहे, हे त्यांना सहन होईना.

ते तडक शहरात गेले आणि शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला भेटले. दुकानदाराने एक बाटली दिली. "पाण्यात ओता, शेवाळ साफ." दामूअण्णांनी ओतले. शेवाळ खरेच पिवळे पडले, गळाले आणि तळाला बसले. टाकी लख्ख दिसू लागली. दामूअण्णांनी त्या दिवशी सगळ्यांना शिरा वाढला.

पण औषधाने गोगलगायीही मेल्या. मेलेले शेवाळ आणि मेलेल्या गोगलगायी, सगळे पाण्यातच कुजले. ते सारे नव्या शेवाळाचे खत झाले. शिऱ्याची चव जिभेवरून जाते न जाते तोच शेवाळ पुन्हा उगवले, आणि पहिल्यापेक्षा जोमाने. प्रवाळाची पांढरी कड आणखी आत सरकली.

तेव्हा दामूअण्णा टाकीसमोर स्टूल टाकून बसले. हरलेला माणूस बसतो तसे नव्हे. चोर कुठून येतो ते पाहायला माणूस दबा धरतो, तसे बसले. खानावळ सुरू झाली. लोक आले. एकाने चिमूट घातली, दुसऱ्याने घातली, तिसऱ्याने मूठच घातली. माशांनी थोडे खाल्ले. बाकीचे कण हळूहळू तरंगत खाली गेले आणि नेमके त्या हिरव्या जटांत जाऊन अडकले. मग सवयीने दामूअण्णांचा स्वतःचा हात डब्याकडे गेला.

हात तिथेच थांबला. त्यांना कळले. शेवाळाला रोज तीनदा जेवू घालणारा खानावळवाला दुसरा तिसरा कोणी नव्हता.

त्यांना फार लाज वाटली. पण लाजेने शेवाळ निघत नाही. दामूअण्णांनी धोतराचा काचा मारला आणि कामाला लागले.

त्यांनी खाण्याचा डबा उचलून आतल्या कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. सकाळी एक चिमूट. बस्स. टाकीवरचा दिवा दिवसभर जळायचा, तो उजेडही शेवाळाला पोसतो म्हणून ते आता लवकर मालवू लागले. रोज पहाटे चुली पेटण्याआधी ते कोपरापर्यंत हात पाण्यात घालत आणि शेवाळ बोटांनी उपटून काढत. जिथे बोट शिरत नसे तिथे जुना दात घासायचा ब्रश. निघालेली प्रत्येक बट ते बाहेर काढत, कारण आत राहिलेली बट म्हणजे उद्याचे खत, हे ते आता शिकले होते. मग थोडे घाण पाणी नळीने उपसायचे आणि गाळणयंत्रातून काढलेल्या शुद्ध पाण्यात समुद्री मीठ कालवून तेवढेच भरायचे. नव्या गोगलगायी त्यांनी शहरातून डब्यात घालून, मांडीवर धरून आणल्या.

आज काढलेले उद्या पुन्हा दिसे. उद्याचे परवा. भाजी वाढता वाढता गिऱ्हाईके टोमणे मारत. "काय अण्णा, आज पालक का शेवाळ?" दामूअण्णाही हसत आणि म्हणत, "शेवाळच आहे, पण लसणाची फोडणी दिलीय. खा!" आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हात पाण्यात. खाऱ्या पाण्याने त्यांच्या बोटांना चिरा पडल्या. मिरची चिरताना त्या चिरा अशा झोंबत की डोळ्यांत पाणी उभे राही. पण त्यांनी एक पहाट चुकवली नाही.

सगळ्यात अवघड काम मात्र हे नव्हते. ते आले गावच्या यात्रेच्या दिवशी.

यात्रेला दामूअण्णांची थोरली बहीण, अक्का, आली. आई लवकर गेल्यावर अक्कानेच त्यांना लहानाचे मोठे केले होते. वाढणे म्हणजे काय ते ते तिच्याकडूनच शिकले होते. खानावळ गच्च भरलेली. अक्काचे ताट मांडलेले. ती हात धुऊन टाकीशी आली. मासे काचेशी धावले.

"आगं बया, किती भुकेजली ती! दामू, डबा आण. त्यास्नी घास घातल्याबिगर मी ताटावर न्हाई बसायची."

"अक्का, त्यांचं सकाळी झालंय."

"सकाळचं सकाळी. आण की."

"नाही आणत, अक्का."

लोकांचे घास हातात राहिले.

अक्काने भावाकडे पाहिले. "उभ्या जन्मात तुज्या तोंडून 'न्हाई' ऐकलं न्हवतं. माज्या हातचा घास चालत न्हाई व्हय तुज्या माशास्नी? ज्या हातानं तुला भरवलं, त्यो हात बाटला व्हय रं?"

"तसं नाही अक्का. जास्त खाणं म्हणजे त्या प्रवाळाला विष आहे. रेवतीचा जीव आहे त्याच्यात."

"एका चिमटीनं काय व्हतंय!"

दामूअण्णांना मनातून वाटले, खरेच, एका चिमटीने काय होते? किल्ली कमरेला होती. एवढ्या लोकांदेखत थोरल्या बहिणीचा मान राहिला असता. पण त्यांना हेही ठाऊक होते की आजवर टाकीत पडलेली प्रत्येक चिमूट एकच चिमूट होती. आज अक्काला दिली की मागे बसलेले सगळे उठणार, आणि त्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणायचे? त्यांनी टाकीच्या झाकणावर हात ठेवला आणि मान खाली घातली.

"नाही, अक्का. पाया पडतो. पण नाही."

अक्का भरल्या ताटाला पाठ करून निघून गेली. ज्यांच्या दारातून कधी कोणी उपाशी गेले नव्हते, त्यांच्या दारातून त्यांची सख्खी बहीण उपाशी गेली. दामूअण्णा टाकीशी उभे राहून लहान मुलासारखे रडले. मग त्यांनी डोळे पुसले आणि बाकीच्या पंक्तीला वाढायला लागले. त्या दिवशी माशांना घालायला डबा मागायची कोणाची छाती झाली नाही, आणि पुढेही ती रीत मोडली ती मोडलीच.

दुसऱ्या दिवशी, शेवाळ उपटून झाल्यावर, ते जेवणाचा डबा घेऊन अक्काच्या गावी गेले. अक्काने दार उघडले, डबा पाहिला आणि दार लावून घेतले. दामूअण्णा डबा उंबऱ्यावर ठेवून परत आले.

दिवस गेले. शेवाळ एकदम हटले नाही. आधी त्याच्या जटा सुटल्या, मग बटा आखूड झाल्या. उपाशी पडलेले ते हिरवे पीक गोगलगायी खरवडून खाऊ लागल्या. एका पहाटे दामूअण्णांच्या हाताला उपटायला काही लागलेच नाही. खडक पुन्हा काळा दिसत होता. प्रवाळाची पांढरी कड गेली ती गेलीच, तेवढा भाग मेला होता. पण उरलेल्या भागातून एक इवलेसे बोट बाहेर आले होते आणि पाण्यात झुलत होते. दामूअण्णांनी श्वास रोखून ते पाहिले. त्यांना इतका आनंद झाला की चूल पेटवायचे भान राहिले नाही आणि त्या दिवशी गावाला नाष्टा उशिरा मिळाला.

रेवती घरी आली तोवर सगळा प्रवाळ उमलला होता. मेलेली कड पाहून तिने वडिलांकडे पाहिले.

"ती माझ्यामुळे गेली, पोरी," दामूअण्णा म्हणाले. काही लपवले नाही.

रेवतीने त्यांच्या चिरलेल्या बोटांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आणि उरलेला तुमच्यामुळे राहिला, आप्पा."

भाची आल्याचे कळले म्हणून अक्काही आली. ती भावाशी बोलली नाही. सरळ टाकीपाशी गेली. मासे काचेशी धावले. तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. मासे तुकतुकीत होते. मागे प्रवाळाची शेकडो बोटे एका लयीत झुलत होती.

"उपाशी मरतील आसं वाटलं हुतं मला," ती हळूच म्हणाली. "ह्यास्नी भूक न्हवतीच व्हय रं?"

"नव्हती, अक्का. भूक माझ्या हाताला होती."

अक्काने पदराने काचेवरचा एक डाग पुसला, पाट ओढला आणि ती त्यावर बसली.

"वाढ," ती म्हणाली.

तात्पर्य: ज्याच्यावर आपली माया आहे, त्याला सोसेल तेवढेच द्यावे. आपल्याच समाधानासाठी देत राहिलो, तर ती माया त्याच्याच गळ्याशी येते. आणि हात आवरायची वेळ आली, तर आपले माणूस रुसले तरी डगमगू नये.