पारण्याचं आमंत्रण

धाकट्याचा ताप उतरावा म्हणून मी सोळा गुरुवार बोलले होते. सातव्या गुरुवारी भूक सोसवेना, तेव्हा सासूबाईंनी मला ही गोष्ट सांगितली.

निजामाच्या राज्यातून सुटण्याची लढाई चालली होती. डोंगरातल्या तळावर बावीस जवान होते, नि त्यांना रांधून घालणाऱ्या भागीरथीकाकू. पायथ्याशी निजामाचं ठाणं राखणाऱ्या सर्जेराव देशमुखानं धान्याची वाट अडवली. तीन दिवस चूल पेटली नाही. चौथ्या सकाळी तो स्वतः घोड्यावरून आला, मागे गरम भाकऱ्यांच्या टोपल्या.

"बंदुका टाका नि जेवायला बसा," तो म्हणाला. "काय काकू, पोरांना उपाशी मारता होय?"

भाकरीचा वास सुटला. तुकडीचा म्होरक्या व्यंकटसुद्धा बंदूक ठेवून उठला.

काकूंनी त्याच्या ओंजळीत तांब्यातलं पाणी घातलं. "कर संकल्प." मग त्या देशमुखाकडे वळल्या. "उपाशी कोण? पोरांनी देवीचा उपास धरलाय."

देशमुख हसला. "असं? नि सुटायचा कधी हा उपास?"

"तुमच्या ठाण्यावर आमचा झेंडा लागला की. पारण्याला पाहुणा हवा, म्हणून आत्ताच आमंत्रण देते. लांब यायला नको, पानं तुमच्याच ओसरीवर मांडू."

सगळा तळ खदखदून हसला. ज्यांना कालपासून उठवत नव्हतं, ते ओंजळ पुढे करून रांगेत उभे राहिले. टोपल्या आल्या तशा परत गेल्या. त्याच रात्री पोरं डोंगर उतरून चालून गेली, दुसऱ्याच दिवशी ठाणं पडलं, नि काकूंनी पहिलं पान देशमुखाला वाढलं.

म्हणून मी सांगते, बायांनो, कुणी अडवून उपाशी ठेवलं, तर त्याच्यापुढे हात पसरू नका. ओंजळीत पाणी घ्या नि त्या भुकेचा उपास करा.