दहाव्याचा कावळा

मेलेल्याच्या तोंडी आपली इच्छा घालणं वडीलधाऱ्यांना झकास जमतं. उत्पलाच्या बापाने उतारवयात बौद्ध धम्म घेतला होता. आत्मा वगैरे काही नसतो, दिव्यावरून दिवा लागतो तसा जन्म पुढे सरकतो, असं तो सांगायचा. तरी दामूकाकाने भावाचा दहावा केलाच. नदीकाठी पिंड मांडला. कावळा शिवेना.

"इच्छा राहिलीय," गोविंदभट म्हणाले.

काकाने लगेच हात जोडले. "दादा, तुझी पोर माझ्या बिजवर मेव्हण्याला देतो. शिव आता."

उत्पलाला शिकायचं होतं, पण तिला विचारतो कोण? कावळा तरीही आला नाही. ऊन चढलं, पोटात कावळे ओरडू लागले, तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला.

"शास्त्राला हाही खराच कावळा. दादांनी वचन घेतलं. पोरी, आता लग्न करावंच लागेल."

उत्पलाने उरलेल्या दर्भाची बाहुली वळली आणि काकाच्या हातात ठेवली.

"मेव्हण्यांना ही द्या, काका. शास्त्राला हीही खरीच पोर."

बाहुली खोटी म्हणावी, तर कावळाही खोटा ठरत होता. काकाने लग्नाचा विषय तिथेच सोडला.

या सगळ्यात बापासाठी रडायचं राहूनच गेलं होतं. घरच्या वाटेवर ती एकटीच रडली.