कागदावर जुळलेली जोडी

मिरजेच्या शकूताई पोंक्षे म्हणजे लग्नं जुळवण्यात हातखंडा. त्याच कमाईतून त्यांनी म्हातारपणी गाणं ऐकायला झकास यंत्रणा घ्यायची ठरवली आणि जहागीरदारांचं दुकान गाठलं. हा गृहस्थ गिऱ्हाइकाशी बोलायचा तोही उपकार केल्यासारखा.

"हा अ‍ॅम्प्लिफायर घ्या आणि हे स्पीकर. दोन्ही एक नंबर," जहागीरदारांनी फर्मावलं.

"जोडून ऐकवा ना जरा."

"ऐकून तुम्हाला काय कळणार? कागदावर सगळं जुळतंय. आणि एकदा नेलेला माल मी परत घेत नाही."

शकूताईंनी शांतपणे मान डोलावली. "बरं आठवलं. तुमच्या चिरंजीवांचं नाव माझ्याकडे नोंदवलंय ना तुम्ही? ठरवून टाकलं मी त्यांचं लग्न. परवा साखरपुडा."

"अहो, पण कुणाशी?"

"मुलगी एक नंबर, मुलगाही एक नंबर. पत्रिका जुळतेय. मग बघण्याचा कार्यक्रम हवा कशाला?"

जहागीरदार खुर्चीतून ताडकन उठले. "असं कसं? दोघांना समोरासमोर बसून बोलू तरी द्या! जन्मभर एकत्र राहायचंय त्यांना!"

"यांनाही राहायचंय," स्पीकरवर हात ठेवत शकूताई म्हणाल्या, "माझ्या घरात."

जहागीरदारांनी मुकाट्याने वायरी जोडल्या. त्या भारी अ‍ॅम्प्लिफायरवर तंबोरा पत्र्यासारखा वाजला. त्यांनी स्वतःच तो अ‍ॅम्प्लिफायर काढून दुसरा, साधासा लावला, आणि दुकानभर षड्ज घुमला.

शकूताईंचे डोळे आपोआप मिटले.

गाणं संपेपर्यंत थांबून जहागीरदारांनी हळूच विचारलं, "ताई, मुलगी बघायला रविवारी किती वाजता येऊ?"