एका पंखाच्या परीचं पहिलं काम

रेवूच्या आईचा उजवा हात गुऱ्हाळाच्या चरकात गेला, आणि गावातल्या सगळ्या मोठ्या माणसांना एकदम दया आली. नुसती दया. काम कुणी देईना. "अगंबाई, बिचारी!" म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. मोठ्यांना तेवढंच छान जमतं. इकडे रेवूच्या घरची चूल थंड.

शेवटी रेवू परीबागेत गेली. तिथे चिमुकली निळी फुलं लुकलुकत होती, सोनसळी फुलपाखरं भिरभिरत होती, आणि कारंज्यावर थोरल्या पऱ्या झगमगत बसल्या होत्या.

"एकच वर मिळेल," त्यांतली एक म्हणाली. "कुठल्याही परीकडे माग. पण फसला तर पुन्हा नाही. त्या कोपऱ्यातलीकडे मात्र जाऊ नकोस हं."

कोपऱ्यात इवलीशी गुलाबी परी बसली होती. तिला पंख एकच.

"तू वर देत नाहीस?" रेवूने विचारलं.

"देऊच देत नाहीत गं. पंख मोडला तेव्हा म्हणाल्या, 'बाळा, तू आराम कर.' तेव्हापासून आरामच."

रेवू हबकली. परीलासुद्धा? इथेसुद्धा?

वर फसला तर आई कायमची घरी. तरी रेवू ठासून म्हणाली, "माझा वर तूच दे. माझ्या आईला काम मिळू दे."

"वेडी की खुळी ही!" थोरल्या पऱ्या ओरडल्या.

छोटीने आपली छडी उंचावली. छडीतून हिरवी-जांभळी ठिणगी उडाली, आणि बागेच्या फाटकाशी पिवळंधमक घरकुल उभं राहिलं. उंबऱ्यात भांबावलेली आई! पण हात एकच.

"हात का नाही दिलास?" रेवू किंचाळली.

"तू काम मागितलंस ना? हे तिचं काम. दारात येईल त्याला विचारायचं, तुला काय येतं? मग त्याला काम मिळवून द्यायचं."

पहिला आला आंधळा दौलू. आईने विचारलं, तसा तो चाटच पडला. "हे आजवर कुणी विचारलंच नाही, वहिनी. वास ओळखतो मी."

आईने त्याला अत्तरवाल्याकडे नेलं. अत्तरवाला नाही म्हणाला. आई त्याच्या दारातून हललीच नाही. संध्याकाळी दौलू कामाला लागला, आणि गावातली मोठी माणसं म्हणाली, "आम्ही तर आधीपासून सांगत होतो!" सांगत होते म्हणे!

थोरल्या पऱ्यांनी तोंडात बोटं घातली. "अगं, तुला येतं होय हे?"

"तुम्ही करू कधी दिलंत?" छोटी परी म्हणाली. तिचा एकुलता पंख लखलखला, सगळी बाग केशरी उजेडाने भरून गेली, आणि "आता पुढचं काम!" म्हणत ती त्यात विरून गेली.

पुढे त्या दारातून कामाला लागलेला जो तो आईच्या सुपात मूठभर धान्य टाकू लागला. आणि रांग? ती फाटकाबाहेर वळसा घालून गेली. आई वाकून बघायची आणि खणखणीत हाक मारायची, "हं, पुढे कोण?"