बाळकू दादाला व्हिएतनाम दाखवतो

एका गावात एक भोळा बाळकू होता आणि त्याला एक शहाणा भाऊ होता. त्यातला शहाणा गेला. भोळा राहिला.

भाऊ टेम्पो चालवायचा. टेम्पोत त्याने व्हिएतनामच्या हालाँगच्या समुद्राचं चित्र चिकटवलं होतं. हिरवं पाणी आणि पाण्यातून वर आलेले डोंगर. दोघांची टूर ठरली होती. टूरवाले पोंक्षे म्हणाले, "वाईट झालं. पण सीट रद्द होत नाही."

मग आईने दादाची राख फिरकीच्या तांब्यात भरली. "त्या समुद्रात सोड त्याला," ती बाळकूला म्हणाली. "आणि पोंक्षे सांगतील तसंच वाग."

विमानात बाळकूने दादाला त्याच्या सीटवर बसवलं. पट्टा लावला.

सायगॉनमध्ये रस्ताभर स्कूटरी. पोंक्षे म्हणाले, "थांबायचं नाही, पळायचं नाही. सावकाश चालत राहायचं. त्या आपोआप बाजूने जातात." मंडळी देवाचं नाव घेत पार झाली. बाळकूही झाला.

मग होई आन. जुनं गाव, दारोदार कंदील, मध्ये नदी. बाळकू काठावर थांबला नाही. पळाला नाही. सावकाश चालत राहिला. होड्या बाजूने गेल्या. नदी गेली नाही.

नावाड्यांनी त्याला ओढून काढलं. तांब्या त्याने डोक्यावर धरला होता.

"पाण्यात काय चालतोस?" पोंक्षे म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात."

"ते रस्त्याचं. इथे पाण्यात दिवा सोडायचा, मनातलं मागायचं."

"मग असं आधी सांगायचं ना."

पुढे हालाँगची गुहा. होडीतून आत जायचं, सगळा अंधार. पोंक्षेंनी बॅटरी बाळकूकडे दिली. "धर. मला फोटो काढायचाय."

खाली पाणी, हातात दिवा. बाळकूने बॅटरी पाण्यात सोडली आणि मनातलं मागितलं. बॅटरी बुडाली. एका काकूंचा चिवडा सांडला.

"काय मागितलंस रे?" काकूंनी विचारलं.

"दादा परत पाहिजे."

अंधारात काकूंनी उरलेला चिवडा त्याच्या हातावर ठेवला. पोंक्षे बोलले. "मला बॅटरी परत पाहिजे. ऐक. बरोबर आणलं ते बरोबर न्यायचं. घरची वस्तू परक्या मुलखात टाकून यायची नाही. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी समुद्र. अगदी चित्रातला. मंडळी डोंगरांकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती. बाळकूने फिरकी उघडली आणि दादाला सोडलं. राख हिरव्या पाण्यावर थोडी पसरली, मग दिसेनाशी झाली. सांगितलेलं काम त्याच्या हातून पहिल्यांदाच नीट झालं. पोंक्षेंनीसुद्धा टोपी काढली.

मग बोटीचा भोंगा वाजला. पोंक्षे टोपी घालून म्हणाले, "चला, आपापलं सामान घ्या. काही राहायला नको."

बाळकूला कालचं आठवलं. तो पालथा झाला, तांब्या पाण्यात बुडवला, काठोकाठ भरला आणि फिरकी घट्ट लावली.

विमानात पाणी जवळ ठेवू देईनात. म्हणून येताना दादा कपड्यांच्या बॅगेतून आला. त्याची सीट रिकामी आली.

आई दारातच उभी होती. "सोडलंस ना रे त्याला?"

"सोडला. मग परत आणला."

आईने फिरकी उघडली. आत पाहिलं. बोट बुडवून पाहिलं. "बाळकू, हे काय आहे?"

"दादाच आहे," बाळकू म्हणाला. "थोडा पातळ झालाय."