भोवरगडाच्या उघड्या दाराचं गीत

ही कमान बघताय ना? दगडात बिजागऱ्यांच्या खाचा आहेत, फळ्या मात्र नाहीत. चोरल्या नाहीत हो कुणी! मुद्दाम काढल्यात.

भोवरगडाचं राज्य ते केवढं! गड, पायथ्याची शेतं आणि समोरचा डोंगर. पण त्यालाही राष्ट्रगीत होतं. हसताय काय, ऐका तर खरं.

राणोजी म्हणून इथं दारवान होता. गवताला गेलेल्या बायका सांजेला गात गड चढायच्या, 'डोंगर आमचा, झरा आमचा, सांज झाली, आलो आम्ही, दार उघड रे दादा.' हे गाणं ऐकलं की राणोजी दार उघडायचा. एका साली गनिमानं काय करावं? पायथ्याची शेतं पेटवली, बायका धरल्या, तलवारीच्या धाकानं त्यांच्याकडून तेच गाणं म्हणवून घेतलं आणि उघडल्या दारातून आत घुसला. लई माणसं मेली. तेव्हापासून राजांचा सक्त हुकूम झाला, की खाली धूर दिसला तर कुणीही गाऊ दे, दार उघडायचं नाही.

पुढं एका चैत्रात खाली धूर उठला आणि गाणं आलं. आवाज सगुणाचा होता, राणोजीच्या धाकट्या बहिणीचा. त्यानं अडसराला हात घातला, आणि काढून घेतला. 'गनीम तिच्या पाठीमागं असला तर?' शेवटची ओळ तिनं पुन्हा पुन्हा म्हटली, असं सांगतात. मग आवाज थांबला.

सकाळी दार उघडलं. घोड्याच्या टापेची खूण नाही, गनिमाचा मागमूस नाही. वणवा होता तो! सगुणा आणि तिच्या सोबतिणी धुरानं गुदमरून दाराशीच मेल्या होत्या.

राजे म्हणाले, "राणोजी, तू हुकूम पाळलास. तुझा दोष नाही." आणि हातातलं कडं काढून पुढं केलं.

राणोजीनं ते घेतलं नाही. "महाराज, आवाज मी ओळखला होता. दोष माझाच. द्यायचंच तर हे दार काढून द्या. आणि राज्याचं गाणं हेच ठेवा."

"अरे, यात राज्याचा पराक्रम कुठं आहे?"

"नाही महाराज. राज्याची माणसं आहेत."

राजांची मान खाली गेली. हुकूम त्यांचाच होता ना! फळ्या उतरल्या. पुढं कायम गडानं दाराऐवजी जागता पहारा ठेवला, आणि त्यात राजेही उभे राहायचे म्हणे.

राज्य केव्हाच गेलं. पण आजही चैत्रात आमच्या बायका या पायऱ्यांवर ते गीत गातात. शेवटची ओळ मात्र गात नाहीत. दार उघड म्हणायची पाळी कुणावर येऊ नये, असं राणोजीनं घालून दिलंय. तिथं त्या थांबल्या की आतून आम्ही म्हणतो, "या बायांनो, दार उघडंच आहे."

सगळ्या आत येतात. तरी आम्ही वाटेकडं बघत उभे राहतो. सगुणा यायची राहिलीय.